कानबाईचा चेहरा

चांदीचा डोळा बोटावर ठेवला की तिच्याकडेच बघायचा… कुंदाबाईने तो मेणावर दाबला, आणि पिढ्यान्‌पिढ्या घरात जपलेल्या त्या नारळाला नजर आली. श्रावणातला रविवार, संध्याकाळी कानबाईची, त्या नारळातल्या देवीची, स्थापना होती. पूजेला जोडीने बसणार होते तिचा नवरा भाईदास आणि पुष्पा – गेल्या वर्षी आणलेली आणि आता लेकुरवाळी झालेली सवत. कुंदाकडे उरलं होतं ते एवढंच, देवीचा चेहरा घडवणं.

तेही यंदापुरतंच, असं सासूने सकाळीच सांगून टाकलं. "पुढला सालपाइन हाई काम पुष्पा करी. लेकुरवाळीना हात लागू दे देवीले."

कुंदा "बरं" म्हणाली. जळो मेलं ते बरं!

…हाच भाईदास एकदा तिच्या तापात औत सोडून उशाशी बसला होता, उपरण्याने वारा घालत, गाव हसलं तरी. ते खोटं होतं का? खोटं असतं तर बरं झालं असतं, सरळ राग तरी करता आला असता. पण वाढताना अजून तिचा हात त्याच्या ताटात तूप जास्तच सोडी, आणि लगेच वाटे, अडको मेल्याच्या घशात – धड माया नाही, धड वैर नाही – आणि बोटं आपली चालली होती, नथ, कुंकू, गालांना हळद, हनुवटीवर काजळाचा ठिपका…

ठिपका? कानबाईला तो कधीच नसतो.

ती मागे सरकली. समोर नारळावर पुष्पा उमटली होती. तेच भरले गाल, तेच हनुवटीवरचं गोंदण. जी डोळ्यांसमोर नको, तिला वर्षभर आपण इतकं निरखलं? आणि इतका सुंदर चेहरा या हातांतून आजवर उतरला नव्हता.

केळीचे खांब घेऊन भाईदास आत आला नि थबकला. "माय व… जित्ती शे!" त्याने हात जोडले. कोणाला, ते त्यालाच ठाऊक. कोणी घडवली, हे त्याने विचारलं नाही.

तो गेल्यावर तिने ठिपका पुसायला अंगठा ओला केला. अंगठा तसाच राहिला. ठिपका गेला की उरणार नुसता नारळ. मग तिनेही हात जोडले. पण मागायचं काय? जिचं गाऱ्हाणं सांगायचं, तीच पाटावर बसलेली.

उद्या पांझरा नदीत बुडवून नारळ तेवढा घरी येईल, चेहरा पाण्याबरोबर जाईल. हे तोंड घरातून जावं म्हणून तिने वर्षभर नवस बोलले होते. आता ते उद्या जाणार म्हणून तिला रडू आवरेना.