अत्तराचा कुकर

मी एक जुना प्रेशर कुकर आहे, मित्रांनो, पण माझ्यात भात लावायला जाऊ नका. गेली कित्येक वर्षं माझ्यात फक्त अत्तराचंच काम चालतं. हसू नका, आधी ऐकून तर घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. एका जाड चकतीला यंत्राने दाबून माझं पोट काढलं, घासून चकचकीत केलं आणि दुकानाच्या फळीवर नेऊन ठेवलं. तिथून धाकटीने मला घरी आणलं. या घरात दोन बहिणी राहतात. थोरली शाळेत शिवणकाम शिकवायची आणि धाकटी एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करायची. घरचा स्वयंपाकही तिच्याच हातचा. मी बटाटे उकडले, वाटाणे शिजवले, रस्से केले. माझी शिट्टी इतकी खणखणीत होती, की शेजारच्या बाई ती ऐकून आपला गॅस बंद करायच्या आणि मग कच्च्या राहिलेल्या भाताचं खापर माझ्यावर फोडायच्या.

पुढे शिट्टी बसायची ती जागा झिजली. धाकटीने नवा कुकर आणला आणि मला माळ्यावर टाकलं. गरज सरो, वैद्य मरो! माळ्यावर धूळ खात बसणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. मला रागही आला होता आणि रडूही.

थोरली निवृत्त झाली आणि तिला अत्तराचा नाद लागला. अंगणात तिने गुलाब लावलेच होते. एके दिवशी तिने मला खाली काढलं आणि प्लंबरला बोलावून माझ्या शिट्टीच्या जागी तांब्याची लांब नळी बसवून घेतली. प्लंबर म्हणाला, "बाई, नळाची कामं खूप केली, पण कुकराला सोंड बसवतोय ती पहिल्यांदाच."

काम असं चालायचं. माझ्या तळाशी पाणी आणि पाण्याच्या वर, जाळीवर, पहाटे खुडलेल्या पाकळ्या. झाकणाच्या कडेला कणीक थापायची, म्हणजे वाफ निसटत नाही. आच अगदी मंद. पाकळ्यांचा वास घेऊन वाफ नळीत शिरते, नळी गार पाण्याच्या बादलीतून जाते आणि दुसऱ्या टोकाला सुगंधी पाणी थेंब थेंब चंदनाच्या तेलात पडत राहतं. मग तेलाखाली साचलेलं पाणी काढून तेल मुरत ठेवायचं. पहिल्या खेपेला गुलाबाला चक्क लसणाचा वास आला, कारण माझी जुनी रबरी रिंग. थोरलीने रिंग बदलली. धाकटी मात्र बरेच दिवस त्याला "फोडणीचं अत्तर" म्हणत होती.

यातली खरी मेख आच कधी बंद करायची ही. थोरली नळीच्या तोंडाशी नाक नेऊन बसायची. वास जरा बदलला की गॅस बंद! तिचा अंदाज कधी चुकला नाही. नात्यागोत्यात तिच्या अत्तराचं कौतुक व्हायला लागलं, आणि भावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिने हट्टच धरला, "आत्या, लग्नात मी फक्त तुझं अत्तर लावणार."

त्याच सुमारास थोरलीला ताप आला. ताप उतरला, ती उठून कामाला लागली, भाचीसाठी पाकळ्या भरल्या. नेहमीसारखी नळीशी बसली. पण वास बदलला तरी ती हलेना. माझ्या तळाचं पाणी आटलं, पाकळ्या जाळीवरच करपल्या. मी ओरडणार तरी कसा? माझी शिट्टी तर गेली होती.

तेल मुरल्यावर थोरलीने बाटली धाकटीच्या नाकाशी धरली. "बघ गं, कसं उतरलंय?"

धाकटीने वास घेतला आणि चटकन नाक मागे घेतलं. "छान आहे," ती म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. कुरिअरवाला यायची वेळ झाली. थोरली बाटलीभोवती कापूस गुंडाळत होती, तेव्हा धाकटीने ती बाटली हातातून काढून घेतली.

"ताई, हे पाठवू नकोस. करपलंय."

"मग मघाशी छान का म्हणालीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"आणि त्या पोरीने भर लग्नात हे अंगाला लावलं असतं म्हणजे?" थोरली खाली बसली. "तापात माझं नाक गेलंय गं. मला काही कळत नाही. सांगितलं नाही, कारण मग मी करायचं काय दिवसभर?" तिने माझी नळी ओढून काढली. "संपलं आता. टाक याला माळ्यावर."

धाकटीने नळी उचलून परत जागेवर बसवली. "नाक माझं आहे की."

"तुला गुलाबातलं काय कळतं?"

"गुलाबातलं नाही कळत. कच्चं, शिजलेलं आणि करपलेलं, एवढं कळतं. सगळी हयात त्यातच गेली माझी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाकळ्या भरल्या. धाकटी नळीच्या तोंडाशी बसली, थोरली आचेपाशी. "कच्चं आहे अजून, हिरवा पाला यावा तसं," धाकटी सांगत होती. थोरली आच रेसभर वाढवायची. "आता गोड झालं. राहू दे, राहू दे. ताई, बंद कर, खाली लागेल!"

तेल मुरलं तेव्हा थोरलीने पुन्हा बाटली पुढे केली. "कसं आहे?"

धाकटीने दोनदा वास घेतला. "करपलेलं नाही. पण जरा उग्र झालंय. तू करायचीस ते याहून मऊ असायचं."

थोरली हसली. "पाठव मग. नुसतं छान म्हणाली असतीस ना, तर मी मोरीत ओतून दिलं असतं."

मित्रांनो, जुनी भांडी घासूनपुसून ठेवा, रबर वेळेवर बदला, माळ्यावर टाकायची घाई करू नका. आणि तुमच्या घरातल्या कुणी आपल्या हातचं काही पुढे करून "कसं झालंय?" असं विचारलं, तर आधी नीट वास घ्या. मगच तोंड उघडा.