हवालदारानं घेतली नव्हती

"जनावराचं दुखनं मी नुसतं वासावरून वळखतो," मुखरू म्हणाला. "डॉक्टरले मशीन लागते. मले नाक पुरते."

हे त्यानं अंगणात उकिडवं बसून शेजारच्या बापूरावाला आणि बायको मनकर्णाला ऐकवलं. समोर त्यांचा कुत्रा, हवालदार, वाळत घातलेल्या मोहफुलांवर पसरला होता. उठायला गेला की पुढचे पाय एकीकडे, मागचे दुसरीकडे. मुखरूनं त्याच्या अंगाला नाक लावलं, डोळे मिटले आणि निकाल दिला.

"मोह खाल्ला बेट्यानं. चढली त्याले."

"दोन दिसापासून वकून राह्यला, हागून राह्यला, ते?" मनकर्णानं विचारलं.

"पेनाऱ्याचं दुसरं काय होते?"

मनकर्णाचा जीव हवालदारात अडकला होता. मोहाचा हंगाम मोजक्या दिवसांचा. पहाटे झाडाखाली वाकून फुलं वेचणाऱ्या बाईला पाठीमागचं दिसत नाही, आणि यंदा तिकडं वाघीण पिल्लं घेऊन फिरत होती. हवालदार भुंकला की मनकर्णा टोपली टाकून गावाची वाट धरायची. गेल्या साली ती त्याच्यामुळंच वाचली होती.

"हवालदार नाई तं मी मोहाले जात नाई," ती म्हणाली. "तुमीच जा, नाक घेऊन."

नाक घेऊन वाघिणीकडं जायची मुखरूची तयारी नव्हती. त्यानं गावातल्या लग्नावऱ्हाडांत गाजलेला आपला इलाज काढला: तांब्याभर पाण्यात दोन मुठी मीठ, वरून चिंचेचं पाणी. बापूराव स्वतः दोनदा याच इलाजानं शुद्धीवर आला होता, त्यामुळं त्यानं हवालदाराचा जबडा मोठ्या विश्वासानं धरला.

उतरायचं राहिलं, हवालदाराला आणखीच चढली. मान लोंबली, अंग थरथरायला लागलं. मग मात्र मनकर्णानं त्याला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि मुखरूला मोटारसायकल काढायला लावली.

गोंडपिपरीला जनावरांच्या डॉक्टर रश्मीताईंनी रक्त तपासलं.

"काय पाजलं याले?"

"औषध," मुखरू म्हणाला.

"कोणतं?"



"मिठाचं पानी," मनकर्णा म्हणाली. "दोन मुठी. मोहाची चढली म्हनून."

"यानं घेतली नव्हती, काका. उलट्या-जुलाबानं अंगातलं पाणी गेलं, पोटॅशियम गेलं, म्हणून पायात जोर नाही. रक्तातलं आम्ल वाढलं. त्यात तुम्ही मीठ घातलं."

"पन वास येऊन राह्यला ना, मॅडम."

"झोपतो कुठी हा?"

"मोहावर," मनकर्णानं सांगितलं.

डॉक्टरनं सलाईन लावलं. मीठ हळूहळूच उतरवायचं, एकदम पाणी ढोसलं तर मेंदू सुजतो, म्हणून तोंडानं दर अर्ध्या घंट्यानं एकच वाटी. मुखरू दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये कुत्रा मांडीवर घेऊन बसला. बाहेर ऊन भाजून काढत होतं. हवालदार वाटीकडं असा पाहायचा की मुखरूच्या घशाखाली पाणी उतरेना.

"तुमी तं प्या," मनकर्णा म्हणाली.

"त्याच्यासमोर कसं पेऊ? दिसते काय ते बरं?"

सांजेला हवालदार चार पायांवर उभा राहिला. "तीन दिवस आराम, मग खुशाल जंगलात न्या," डॉक्टर म्हणाल्या. मनकर्णानं पदरानं डोळे पुसले.

घरी आल्यावर ती हवालदाराला निजवायला आत गेली. मुखरू मोटारसायकलवरून उतरला, तर त्याचा एक पाय एकीकडं गेला, दुसरा दुसरीकडं. बापूरावानं त्याला धरलं. "काय भाऊ, आज सांजेलेच?" मुखरूची जीभ टाळ्याला चिकटली होती, त्याला नीट बोलता येईना. बापूरावानं त्याच्या सदऱ्याला नाक लावलं. दिवसभर मांडीवर घेतलेल्या कुत्र्याच्या अंगचा मोहाचा वास सदऱ्यात बसला होता.

मनकर्णा बाहेर आली तेव्हा मीठ-चिंचेचा तांब्या रिकामा झाला होता.

चौथ्या दिवशी हवालदार तिच्यासोबत मोहाला गेला. मुखरू दवाखान्यात होता, माणसांच्या. त्याला दर अर्ध्या घंट्यानं एक वाटी पाणी मिळत होतं.