एक रिंग म्हणजे पोचले

मित्रांनो, माझ्या पाचच्या बटनावरचा आकडा पार पुसून गेला आहे आणि माझी पाठ रबर लावून जागेवर बसवली आहे. तरीही मी चालतो. मी बटनांचा एक जुना मोबाइल. सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला, पूर्णेच्या काठच्या एका तांड्यात माझं घर आहे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी माझे सुटे भाग जोडले, बटनं दाबून पाहिली आणि मला खोक्यात निजवलं. जाग आली ती औंढ्याच्या बाजारात, पुनमचंद शेठच्या काचेच्या कपाटात. शेजारी मोठ्या पडद्यांचे फोन झळकत असायचे. येणारी माणसं त्यांच्याकडे बघायची. माझं सगळं आयुष्य या कपाटातच जाणार असं मला वाटू लागलं होतं.

मग एक दिवस रूपसिंग, त्याची बायको भिकाबाई आणि मुलगी निता दुकानात आली. निताला नुकतंच ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरचं काम मिळालं होतं आणि कामापुरता एक फोनही. घरात मात्र फोन नव्हता. कोणाचा निरोप आला तर तो तांड्याच्या नाईकाकडे यायचा. रूपसिंगनं कपाटाकडे पाहिलं आणि सरळ माझ्यावर बोट ठेवलं.

"फोन तर झाला," पुनमचंद म्हणाला. "आता प्लॅन कोणता टाकू, काका? हा घ्या. रोजचं नेट, बोलणं भरपूर."

"ह्या फोनात नेट चालतं का?"

"ह्याच्यात... न्हाई चालत."

"मंग बैल न्हाई तर झूल काहून विकून राहिले मला?"

दुकानातली माणसं हसली. पुनमचंदही हसला. निता मात्र तयारीनं आली होती. तांड्यातल्या लोकांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन ती आदल्या दिवशी नदीपर्यंत चालत गेली होती. नदीच्या पात्रात कोणाची रेंज टिकते हे तिनं स्वतः पाहिलं होतं, कारण याडी दिवसभर तिथंच शेळ्या चारायची. तांड्यात आईला याडी म्हणतात. नितानं कंपनीचं नाव सांगितलं आणि रूपसिंगनं ते मान्य केलं. भांडण झालं ते प्लॅनवरून.

"नेट नको, पण बोलायचं भरपूर असू द्या," निता म्हणाली.

"काहून? भाषण द्यायचंय का तुला?" रूपसिंगनं विचारलं. "शेठ, सगळ्यात स्वस्त कोणता?"

"नंबर चालू राहतो, बोलायला मोजकी मिनिटं मिळतात. असा एक आहे."

"तोच टाका. बोलायचं काय त्यात? रिंग आली की समजतं."

"बापू, निदान आलेला फोन उचलत जा. उचलायला पैसे लागत न्हाईत."

"मला नको शिकवू! कर्नाटकात ऊसतोडीला होतो तवा मह्या भावाचा फोन मुकादमाच्या मोबाइलवर आला. मी दोन शब्द बोललो, तर मुकादमानं उचलायचे पैसे मह्या मजुरीतून कापले. मह्या अंगाला लागलंय ते."

"तवा तुमी परराज्यात होते, बापू. आता तसं न्हाई."

पण भोगलेल्या गोष्टीपुढे सांगितलेली गोष्ट टिकत नाही, मित्रांनो. पुनमचंद तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. त्याला कोणी विचारलंच नाही.

घरी आल्यावर रूपसिंगनं कायदा केला. एक रिंग म्हणजे निता पोचली. दोन रिंगा म्हणजे यायला उशीर होईल. हिरव्या बटनाला हात लावायचा नाही. भिकाबाईनं मान डोलावली आणि माझ्यासाठी आरशांची, कवड्यांची एक पिशवी शिवली. "लेकीला कधी एवढं नटवलं न्हाई," रूपसिंग म्हणाला. त्या पिशवीत मी भिकाबाईच्या कमरेला लटकू लागलो. बाया मला हातात घेऊन बघत. मोठ्या पडद्याच्या फोनांना असा मान कुठला? मी फुशारून गेलो होतो.

सकाळी मी एकदा वाजून थांबायचो. "पोचली गं माय," असं भिकाबाई म्हणायची आणि शेळ्यांमागे चालू लागायची. मी दिवसभर गप्प असायचो. माझ्या आतून माणसाचा आवाज असा कधी गेलाच नव्हता.

भाद्रपदातला तो दिवस. आमच्याकडे लख्ख ऊन होतं, पण वरच्या भागात रात्रीपासून पाऊस धरून होता. पंचायतीत जे झालं ते मी पुढे निताच्या तोंडून ऐकलं. धरणातून नदीत पाणी सोडणार असल्याची सूचना आली. गावात भोंग्यावरून सगळ्यांना सांगितलं गेलं. पण आमचा तांडा टेकडीच्या पलीकडे आणि वारा उलटा. भिकाबाई त्या वेळी पात्रातल्या बेटावर होती. तिथलं गवत उंच आणि हिरवंगार. तांड्याकडच्या बाजूला घोट्याएवढ्या पाण्याचा एक फाटा तेवढा ओलांडायचा.

मी वाजलो.

"कळलं, पोचली," भिकाबाई म्हणाली. मग तिनं सूर्याकडे पाहिलं. निता तर सकाळीच पोचली होती.

मी पुन्हा वाजलो.

"उशीर होतो व्हय? बरं."

मी तिसऱ्यांदा वाजलो. थांबलोच नाही. भिकाबाईनं मला पिशवीतून काढलं आणि लाल बटन दाबलं. "पैसे जातील की गं! काहून छळून राहिली?"

मित्रांनो, मला स्वतःचं बोलता येत नाही. दुसऱ्याचं बोलणं मी पोचवतो, तेही कोणी हिरवं बटन दाबलं तर. त्या बाईच्या हातात मी थरथरत होतो, ओरडत होतो, आणि ती मला गप्प करत होती. वरच्या वळणापाशी बगळ्यांचा थवा एकदम उडाला. शेळ्यांनी चरणं थांबवून कान टवकारले. मी पुन्हा वाजलो. तिनं पुन्हा लाल बटन दाबलं. मी पुन्हा वाजलो.

या वेळी तिचा अंगठा लाल बटनावर आला आणि तिथंच थांबला.

"एकीचं ठरलं, दोहींचं ठरलं," ती स्वतःशीच पुटपुटली. "एवढ्या रिंगांचं तर काहीच ठरलं न्हाई."

तिनं हिरवं बटन दाबलं.

"याडी!" निताचा आवाज माझ्यातून फुटून बाहेर आला. "बेटावर हायेस का? नीघ! पाणी सोडलंय!"

"शेळ्या—"

"राहू दे शेळ्या! तू नीघ आधी!"

भिकाबाईनं मला तसंच चालू पिशवीत कोंबलं आणि जिभेनं टकटक आवाज केला. शेळ्या तिच्यामागे धावल्या. एक गाभण शेळी मागे राहिली, तशी ती परत फिरली. तिनं शेळीला खांद्यावर घेतलं. फाट्यापाशी आलो तर घोट्याएवढं पाणी गुडघ्याला लागलं होतं आणि त्याचा रंग बदलला होता. ती आत उतरली. पाणी मांडीला आलं, मग कमरेला. कमरेला मी होतो.

"याडी, बोल! याडी, पाण्याचा आवाज येऊन राहिला! बोल ना!" निता ओरडत होती. गढूळ पाणी पिशवीत शिरलं, माझ्या बटनांखाली गेलं, आणि निताचा आवाज बंद झाला. मीच बंद झालो होतो.

पुढचं सगळं मी नंतर ऐकलं. निता टेकडी चढून रूपसिंग राबत होता त्या हळदीच्या रानात धावत गेली, तिथून त्याला घेऊन नदीवर आली. तोवर तिच्या कानात शेवटचा तो पाण्याचा आवाजच होता. रस्ताभर ती फोन लावत राहिली आणि फोन लागत नव्हता. नदीवर आली तेव्हा बेट दिसत नव्हतं. बाभळीखाली भिकाबाई बसली होती, चिंब भिजलेली. शेळी अजून तिच्या मांडीवर होती. निता तिच्या गळ्यात पडून रडली.

रूपसिंगला धाप लागली होती. तो रागावून म्हणाला, "पोरगी एवढी फोन करून राहिली, लवकर उचलला काहून न्हाई?"

भिकाबाईनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "तुमीच म्हनले होते, उचलला की पैसे जातात."

त्यानं तिच्या कमरेची पिशवी सोडून घेतली. आपलं धोतर पिळावं तसा तो पिशवी पिळत बसला. मी आत होतो.

त्यांनी मला उघडून बरेच दिवस उन्हात ठेवलं. मला पुन्हा जाग आली, पण पाठ घट्ट बसेना आणि आवाजाला थोडी खरखर आली, ती आजही आहे. मग रूपसिंग मला घेऊन एकटाच औंढ्याला गेला.

"शेठ, एक खरं सांगा. आलेला फोन उचलला तर पैसे लागतात का?"

"न्हाई हो काका. ते बंद होऊन लई वर्सं झाली. कोण म्हनलं तुमाला?"

रूपसिंगनं मला काढून शेठपुढे ठेवलं. तो म्हणाला, "बोलायचं भरपूर असलेला टाका. नेट नको."

"आता बोलायचं काय त्यात? रिंग आली की समजतं ना?" पुनमचंदनं चिमटा काढला. पण रूपसिंगचा चेहरा पाहून त्यानं लगेच प्लॅन टाकायला घेतला.

मित्रांनो, काटकसर वाईट नसते. रूपसिंगनं नेटवर पैसे घातले नाहीत, ते बरोबरच केलं. तुमच्या घरी पहिला प्लॅन घ्यायची वेळ आली, तर निताप्रमाणे आपली माणसं जिथं वावरतात तिथं उभं राहून रेंज बघा. ज्याची शंका असेल ते दुकानदाराला दोनदा विचारा, हसू झालं तरी चालेल. आणि घरातला फोन वाजला तर तो उचला. पलीकडच्याला काय सांगायचं आहे हे आम्हाला फोनांनासुद्धा आधी कळत नाही.

दुकानातून बाहेर पडल्यावर रूपसिंग बसथांब्यावर बसला. त्यानं जाड बोटांनी एकेक आकडा दाबला आणि मला कानाला लावलं. पहिल्याच रिंगेला पलीकडून घाबरलेला आवाज आला.

"बापू? काय झालं? याडी बरी हाये ना?"

"बरी हाये."

"मंग फोन काहून केला?"

रूपसिंगनं घसा साफ केला. "काही न्हाई, लेकरा. उचलतेस का, ते पाहून राहिलो."