माझ्या नावाचा दुसरा

मी एक जुना राउटर आहे, मित्रांनो, आणि आधीच ओरडून सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर माझे दोन्ही ॲन्टेना गळून पडोत, दिव्यांत मुंग्या शिरोत!

कीलुंग बंदराजवळ, जियान आमाच्या घरी, चपलांच्या कपाटावर मी बसतो. आमा म्हणजे आजी. तरुणपणी माझा जोर एवढा, की बंदरातली जहाजं माझ्या दमावर भोंगे वाजवायची. आता स्वयंपाकघरापर्यंत पोचताना धाप लागते. एक मान मात्र राहिलाय. माझ्या डोक्यावर नारळाच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पुडकं असतं. आमच्याकडे यंत्रांवर ते ठेवतातच. हिरवंच हवं आणि तारीख उलटलेली चालत नाही, तरच यंत्र शहाण्यासारखं वागतं.

वादळाची सुट्टी जाहीर झाली, त्या दुपारी आमाची नात पेई-शान भिजून आली. दवाखान्याचा लॅपटॉप तिनं पोटाशी धरला होता.

"आमा, सहाच्या आत औषधांची यादी पाठवायचीय. आठशे म्हाताऱ्यांचे फोन, पत्ते, दुखणी, सगळं यात आहे. फोनवरून लुबाडणाऱ्यांच्या हाती लागलं ना, तर माझी नोकरी जाईल आणि ही माणसं नागवली जातील."

"माझं नाव आहे त्यात?"

"पहिल्याच पानावर."

"वय किती लिहिलंय?"

"ब्याऐंशी."

"खोड ते! अठ्ठ्याहत्तर कर."

त्या हसल्या. मला हसू येईना. सकाळपासून कुणीतरी माझंच नाव घेऊन हाका मारत होतं. 'जियान-तिसरा-मजला.' अगदी तेच. आवाज माझ्याहून तरणा, माझ्याहून गोड. मी आल्यागेल्याला विचारतो, 'कोण? खूण सांग.' तो काहीच विचारत नव्हता. 'ये, ये' एवढंच.

खाली गल्लीत एक पांढरी गाडी उभी होती. दुकानांच्या पाट्या उडत असताना आमच्या गल्लीत कुणी गाडी लावत नाही. तिच्या काचा आतून धुरकटल्या होत्या.

पेई-शाननं लॅपटॉप उघडला.

"आमा, वाय-फायच्या यादीत तुझं घर दोनदा दिसतंय."

"दोन घरं? बरंच की! एक भाड्यानं देऊ."

"एक पासवर्ड मागतंय. राउटरवर कागद होता ना चिकटवलेला?"

"परवाच घासून काढला. किती मळला होता!"

"आमा! जाऊ दे. ते दुसरं तर काहीच मागत नाहीये."

तिचं बोट निघालं. मी जीव तोडून दिवे लुकलुकवले. बाहेर वारा असा ओरडत होता, की तोही त्या दुसऱ्याच्याच बाजूचा वाटला. बोट टेकणार, तेवढ्यात तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती दचकली.

"आमा, याच्या डोक्यावर लाल पुडकं?"

"तिखट आहे ते. हिरव्याची तारीख उद्या संपत होती, म्हणून खाल्लं."

"लाल म्हणजे बंद! लाल पुडक्याखाली मी दवाखान्याचं काम करू? आमच्या ऑफिसात ऐकलं तर मला उभी कापतील."

"मग लॅपटॉप माझ्या पोटावर ठेव. हिरवं आतच आहे."

वादळासाठी भरलेल्या शेवयांच्या पिशवीत, अगदी तळाशी, एक हिरवं सापडलं. ते ठेवायच्या आधी पेई-शाननं माझी धूळ झटकायला मला उलटं केलं. माझ्या पोटावर कारखान्यातली चिठ्ठी होती. इतक्या वर्षांत ती कुणी वाचलीच नव्हती.

"अगं, पासवर्ड तर इथंच आहे!"

मी खूण विचारली, तिनं बरोबर सांगितली. आठशे नावं पाठीवर घेऊन मी धावलो. सहाला चार मिनिटं असताना यादी पोचली.

मग तिच्या कपाळावर आठी पडली. "आमा, आपलं घर हे. मग ते दुसरं कुणाचं?"

आमानं उठून दाराची कडी पुन्हा चाचपली. गल्लीतली पांढरी गाडी दिवे न लावताच हळूच निघून गेली.

तर मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या यंत्राला अधूनमधून पुसत जा, उलटं करून बघत जा. आणि जे दार काहीच न विचारता आत घेतं, तिथं पाऊल टाकू नका.

हां, एक गोष्ट मात्र मी रचली. ती पांढरी गाडी. चपलांच्या कपाटावरून गल्ली दिसतेच कुठे मला? बला टळली असं वाटून तुम्हाला शांत झोप लागावी, म्हणून गाडी आणली आणि घालवली. ते नाव गल्लीतून आलंच नव्हतं. ते भिंतीपलीकडून, शेजारच्या घरातून येत होतं.

आजही येतं. आमा रोज सकाळी तिथंच चहाला जाते.