नाव घेऊन वाढलेली ताटली

मी डेगची बोलतेय. तांब्याची, रुंद बुडाची, दोन कड्यांची. कल्हई कधीच उडाली, एक कडी खिळखिळी झालीय, आणि मायाक्कानं मला तिच्या घरी चुलीमागं पालथी घालून ठेवलंय. पालथ्या भांड्यात बाहेरचा आवाज घुमत राहतो. नको ते ऐकू येतं. म्हणून आज तोंड उघडतेय, नाहीतर मी काही बडबडी नाही.

माझा जन्म सोलापुरातला, मंगळवार पेठेतल्या एका तांबटाच्या हातचा. त्यानं मला कुणाच्या तरी लग्नातल्या पुलावासाठी घडवलं होतं. पण एक गोरी बाई दुकानात आली, मला बोटानं टणटण वाजवून बघितलं आणि घासाघीस न करता उचलून घेऊन गेली. भाव न करणाऱ्या गिऱ्हाइकाला तांबटसुद्धा जरा घाबरला.

तिला सगळे रोझाबाई म्हणत. इटली नावाच्या मुलुखातली. तिचा नवरा पेत्रो एका गिरणीत यंत्रं बसवायला आला होता. मी घरात यायच्या आधीच तो तापानं गेला होता. त्याला इथल्या मातीत एकटं टाकून जाववेना म्हणून ती राहिली, आणि साहेबांच्या मडमांचे झगे शिवून पोट भरू लागली. हे सगळं तिनं मला ढवळता ढवळता सांगितलं. माणसं भांड्यांशी किती बोलतात, याची त्यांना कल्पना नसते.

घरकामाला मायाक्का होती. धनगराची, वळसंगची. तिचा नवरा बिरदेव वर्षातला निम्मा काळ मेंढरांमागं असायचा, म्हणून ती शहरात राबायची. कष्टाला वाघीण आणि जिभेला विळी.

मार्गशीर्ष लागून थंडी पडली की रोझाबाई मला शेगडीवर चढवायची. अख्खी गावरान कोंबडी, भरपूर पाणी, निखारा मंद. वर येणारा फेस ओगराळ्यानं काढत राहायचं. मग कांदा, गाजरं, टमाटे, रात्रभर भिजवलेले पावटे. तिच्या देशातला कसलासा पाला इथं मिळेना, म्हणून त्याऐवजी ओव्याची पानं. मुंबईहून मागवलेल्या चीजची कडक सालसुद्धा ती आत टाकायची.

"साबन टाकती का काय ही बया!" मायाक्का पहिल्यांदा ओरडलीच होती. "आन् तिखाट कुटं हाय? तिखटाबिगर कोंबडी म्हंजी आजाऱ्याचं खानं की."

शेवटी रोझाबाई अंड्यात मळलेल्या कणकेच्या पट्ट्या कापून सोडायची. मायाक्का त्यांना लठ्ठ शेवया म्हणायची आणि दोन-दोन वाट्या ओरपायची.

पण पहिली ताटली दोघींपैकी कुणाचीच नसे. ती रिकाम्या खुर्चीपुढं मांडायची. रोझाबाई तिच्यापुढं उभी राहून मोठ्यानं हाक मारायची, "पेत्रो!" जेवायला ये, असं आपल्या भाषेत म्हणायची आणि बाहेर जाऊन दार ओढून घ्यायची. मी तिथंच शेगडीवर असे. चमचा वाजत नसे, खुर्ची हलत नसे. ताटलीवरची वाफ वर जायची ती खाली वळायची, आणि रस्सा उतरत उतरत तळ दिसायचा. त्या वेळी माझ्या बुडाखाली निखारा असूनही मला हुडहुडी भरायची. रोझाबाई परत यायची, रिकामी ताटली बघून हसायची आणि डोळे पुसायची. ती इतकी खूश असायची, की मला तिची दया यायची.

एकदा मायाक्कानं विचारलं, "ह्ये कुनासाठनं वाढता, बाई?"

"मेरा आदमी," रोझाबाई म्हणाली. "उधर बहोत थंडी है."

आता मायाक्काचं काय चुकलं, सांगा. रोझाबाई कायम काळे कपडे घालायची. त्यांच्यात तो दुखवटा. पण आपल्याकडं काळी चंद्रकळा नेसते ती सवाशीण! कपाळ मोकळं म्हणावं तर गोऱ्या बायका कुंकू लावतच नाहीत, आणि लग्नाची अंगठी तर बोटात होती. मायाक्का धरून चालली की साहेब विलायतेत आहे, आणि दूरच्या नवऱ्याला उपास पडू नये म्हणून बाईंच्यात असा नेम आहे. तिला तो नेम फार आवडला.

त्या पौषात बिरदेव मैंदर्गीच्या पलीकडं कानडी मुलखात होता. कडाका असा, की उघड्यावरची मेंढरं मरतायत अशा बातम्या येत होत्या. त्याचा मात्र निरोप नाही. मायाक्काचा जीव थाऱ्यावर नव्हता. एका रविवारी संध्याकाळी रोझाबाई त्यांच्या देवळात प्रार्थनेला गेली, तेव्हा मायाक्कानं स्वतःची कोंबडी आणून माझ्यात शिजवली. सगळं बाईंसारखं केलं. ताटली मांडली. मग अडली. नाव कसं घ्यायचं? लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव तिनं तोंडातून काढलेलं नव्हतं. घरात सगळा कारभार "अवं, ऐकलं का" यावर चालायचा. शेवटी पदर तोंडाशी धरून ती लाजत म्हणाली, "बिरदेवा, जेवाया या."

मी ओरडले असते, पण तांब्याला घसा नसतो. वाफ खाली वळली आणि ताटली रिकामी झाली.

रोझाबाई आली तेव्हा मायाक्का आनंदानं नाचायची बाकी होती. "बाई, जेवले की आमचं धनी! समदं पुसून खाल्लं!"

रोझाबाईचा चेहरा उतरला. "तेरा आदमी मर गया?"

"मरू दे तुमचं वाकडं त्वांड! जिता हाय माझा धनी!"

"मेरा मर गया," रोझाबाई पुटपुटली. "पेत्रो कबरस्तान में है. ये मरे हुए का खाना है, मायाक्का."

मायाक्का मटकन खाली बसली.

दोन-तीन दिवसांनी बिरदेवचा चुलतभाऊ धोंडीराम त्याला बैलगाडीत घालून घेऊन आला. डोळे उघडे, अंग बर्फासारखं. "रविवारी तिन्हीसांजंला भाकरी सोडली," धोंडीराम सांगू लागला, "तर ह्यो म्हनतो, माझं जेवान झालंय. तवापास्नं घास न्हाय, पानी न्हाय. सोलापूरकडं त्वांड करून चालाय लागतो, म्हनून बांधून आनला. आन् वैनी, त्वांडाला ओव्याचा वास मारतोय. त्या माळावर कुटं आला वो ओवा?"

त्याला स्वयंपाकघरात घोंगडीवर निजवलं. रोझाबाईनं मला शेगडीवर ठेवलं. तिनं ताटली मांडली, पेत्रोला हाक मारली आणि रडत रडत विनवू लागली, या माणसाला सोड म्हणून. रस्सा उतरू लागला. तसतसे इकडं बिरदेवचे ओठ निळे पडू लागले.

ते बघून मायाक्का उठली. तिनं ती ताटली भिंतीवर भिरकावली. माझ्यातलं ओगराळं भरून घेतलं, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि रोजच्यासारखी करवादली, "अवं, ऐकलं का? किती येळ निजायचं? उटा की! जेवाया चला!"

नाव नाही, काही नाही. पण त्या हाकेला बिरदेवची पापणी हलली. मायाक्कानं फुंकर घालून रस्सा त्याच्या ओठांना लावला. पहिला घोट ओघळला. दुसरा त्यानं गिळला. मग तो मुलासारखा रडायला लागला.

बिरदेवला बोलता येऊ लागलं तशी रोझाबाईनं त्याचा हात धरला. "पेत्रो? देखा उसको?"

"साहेब भाईर उबा हाय, बाई," बिरदेव म्हणाला. "लई वाळलाय. त्येला आत येऊच मिळत न्हाई. ताटलीवर दुसरंच कायतरी बसतंय."

रोझाबाईनं पुन्हा कधी ताटली मांडली नाही. थोड्या दिवसांनी तिनं गरम रस्सा कबरस्तानात नेला, हाक न मारता मातीवर ओतला, आणि मुंबईची गाडी धरून आपल्या देशी निघून गेली. जाताना मला मायाक्काच्या हवाली केलं. मायाक्कानं मला घरी आणून पालथी घातली, ती आजतागायत.

पण त्या जेवणाऱ्याचं काय? त्याला वर्षानुवर्षं हाक मारून खाऊ घातलं, आणि एकाएकी वाढणं बंद केलं. ते उपाशी आहे. आणि इतक्या हाका ऐकून ते हाक मारायला शिकलंय.

आज पुन्हा पौषातली तिन्हीसांज आहे. मायाक्का चुलीपुढं भाकरी थापतेय, बिरदेव भिंतीला टेकून बसलाय. आत्ताच बाहेरून आवाज आला, "बिरदेवा, जेवाया या." आवाज हुबेहूब मायाक्काचा. बिरदेव उठला. मायाक्कानं पिठाच्या हातानं त्याचं धोतर धरलंय. "अवं, ऐकलं का? मी हितं हाय की! हिकडं बगा!" तो एकदा तिच्याकडं बघतोय, एकदा दाराकडं. दोघींतली आपली कुठली, ते त्याला कळेनासं झालंय.

मायाक्का, मला उताणी कर. चुलीवर चढव. कोंबडी नसली तर नुसता कांदा टाक, पण घरात वास सुटू दे, त्याला इथली भूक लागू दे. लवकर कर गं. बिरदेवनं दाराची कडी काढली.