बोटभर नळी

दादाने पसरट ट्रे टेबलावर ठेवला, बाटलीतलं पाणी त्यात ओतलं आणि साबणाच्या डबीचं झाकण बोटाने झपकन पुढे ढकललं. झाकणामागे लाट उठली. त्या लाटेवर त्याने थर्माकोलचा मणी सोडला. मणी लाटेवर स्वार होऊन सुसाट जायचा होता. तो जागच्या जागी गिरकी घेऊन काठाला चिकटला.

"घरी नीट जातो हा मणी," दादा म्हणाला.

समितीतले काही जण हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, हेच वाईट होतं.

समितीतच, खिडकीजवळ बसलेल्या त्याच्या धाकट्या बहिणीने आपल्या ग्लासावरचं झाकण उगाच सरळ केलं. लहानपणी हाच खेळ त्याने तिला घरच्या टबात दाखवला होता, आणि त्या टबातून ती थेट पदार्थविज्ञानात पडली होती. आता ती वर्तुळाकार बोगद्यातल्या मोठ्या यंत्रावर काम करत होती. ते पुरं होईल तेव्हा आज त्यावर भांडणारे निम्मे लोक भिंतीवरच्या फोटोत असतील. दादाचं म्हणणं एवढंच, की कणांना वेग द्यायला मैलोगणती बोगदा कशाला? तापलेल्या वायूत लाट उठवली तर बोटभर नळीतही ते काम होतं. होतं, हे खरं. दर वेळी सारखं होत नाही, हेही खरं. पुढे कुठली यंत्रं हाती घ्यायची त्याचा आराखडा आज ठरायचा होता. दादा निवृत्तीला टेकला होता. आराखड्यात नळी आली नाही, तर त्याच्यामागे त्याच्या प्रयोगशाळेला कुलूप.

त्याने पाणी बाटलीत परत ओतलं, निम्मं बाहीवर घेतलं, ट्रे काखेत मारला आणि बाहेर गेला.

अध्यक्षांनी प्रत्येक प्रस्तावाच्या चर्चेआधीचं वाक्य म्हटलं, "कुणाचं जवळचं नातं असेल तर त्यांनी बाहेर थांबावं."

सकाळी एक सभासद बायकोच्या प्रस्तावाला असाच उठला होता. आत थांबलो तर घरी थांबता येणार नाही, असं म्हणत तो खोलीच्या एकुलत्या एका दारातून गेला, आणि सगळे खळखळून हसले होते.

तिनेही उठायचं होतं. कालच दादाला म्हणाली होती, मी बाहेर येईन, मग चहा घेऊ. सभासद ठिकठिकाणचे, तिच्या सासरच्या आडनावामुळे नातं कुणाच्या ध्यानात नव्हतं. तिने सैल केलेल्या चपलांत पाय सरकवले, पर्स मांडीवर घेतली. तेवढ्यात शेजारचा तिच्याकडे झुकून कुजबुजला, "बोटभर नळी आणि हातभर बाता."

आता उठायचं म्हणजे ती ओली बाही सगळ्यांसमोर आपली म्हणायची.

तिने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. अध्यक्ष पुढे बोलू लागले.

चर्चा फार झाली नाही. दोघातिघांनी कल्पनेचं कौतुक केलं. कौतुक सुरू झालं की प्रस्ताव गेला, हे तिला अनुभवाने माहीत होतं. मग वगळावा असं ज्यांना वाटतं त्यांना हात वर करायला सांगितलं. आजूबाजूला हात उठले. खाली राहिलेला एकटा हात डोळ्यांवर आला असता. तिचा पेनासकट वर गेला.

बैठक सुटल्यावर ती सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली. दादा दारासमोरच्याच बाकावर होता. मांडीवर तोच ट्रे, त्यात दोन कप. दोन्हींवर साय धरली होती. तिच्या परीक्षांनाही तो असाच बाहेर बसायचा.

"मागच्या दाराने गेलीस वाटतं," तो म्हणाला. "मी आपला इथेच बघत बसलो."

त्याची सगळी नोकरी याच इमारतीत झाली होती; कुठल्या खोलीला किती दारं, हे त्याला पाठ होतं.

"हो," ती म्हणाली. "फोन आला होता."

"मग बरोबर." त्याने सरकून जागा केली. "बस. गार झालाय, पण साखर तुझ्या मापाची आहे."

निकाल त्याने विचारला नाही. ती बसली आणि सायीसकट चहा पिऊ लागली. त्याची बाही अजून ओली होती; ती तिच्या दंडाला गार लागत राहिली. तिने दंड काढून घेतला नाही.