कण्हेरीच्या पानाचा छेद

“हे आकडे कुठून आणलेस?”

शामला मॅडमनी वही टेबलावर आपटली, तशी प्रयोगशाळेतली सगळी डोकी वर झाली. सोनिका मान ताठ ठेवून उभी राहिली. आकडे तिनं घरी बसून, मनाने लिहिले होते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता. ग्वाल्हेरमधल्या इंदरगंजच्या, गाड्यांच्या धुरानं भरलेल्या चौकातली कण्हेर आणि थाटीपुरच्या शांत सरकारी क्वार्टरांमागची कण्हेर, दोन्हींच्या पानांवरची रंध्रं मोजायची. पानं ज्यातून श्वास घेतात ती बारीक भोकं. बाकीच्या मुलांनी त्यांना दिलेल्या झाडांच्या पानांवर नेलपॉलिश लावून ठसे घेतले होते आणि मोजले होते. सोनिकाला तेवढाही उत्साह नव्हता.

“ठसा घेऊन मोजली,” ती म्हणाली.

“कण्हेरीची रंध्रं खोल खड्ड्यात असतात. ठशात एकही येत नाही. तुला बेचाळीस दिसली?” मॅडमनी वहीचं पान टरकन फाडलं. “पहिलाच ठसा कोरा आला असता, तर तू मला विचारायला आली असतीस. तू पानाला हातच लावला नाहीस.”

“तुम्हाला माहीत होतं, तर मला कण्हेरच का दिलीत?”

“तू बघतेस की नुसती लिहितेस, ते कळायला.”

मागे कोणीतरी हसलं. सोनिकाचे कान तापले. दोनदा मेडिकलच्या प्रवेशाची नीट परीक्षा देऊन थोडक्यात हुकलेली मुलगी होती ती. वर्ष फुकट जाऊ नये म्हणून वनस्पतिशास्त्राला बसली होती, आणि या घासफुशीसाठी चारचौघांत अपमान? ती ताडकन बाहेर पडली.

संध्याकाळी तिनं घरी सांगितलं. आकडे खोटे होते, एवढं मात्र गाळलं. तिचे वडील संभाजीराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्या दिवशी ते तिच्या सहीची लेखी तक्रार घेऊन प्राचार्यांकडे गेले आणि तिथून थेट प्रयोगशाळेत.

“बाई, माझ्या मुलीची वही फाडायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?”

“आणि खोटं लिहायचा हक्क तिला?” मॅडम सूक्ष्मदर्शकासमोरून उठल्याही नाहीत. “चौकशी होईल तेव्हा मी बोलेन. तोवर तिला सांगा, कण्हेरीच्या पानाचा एक छेद मला करून दाखव. नाही जमला तर नापास.”

वडिलांनी सोनिकाकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

छेद करून या बाईच्या तोंडावर फेकायचा, एवढ्याच इराद्यानं ती सोमवारी आली. बटाट्याच्या फोडीत पान धरून ब्लेडनं कागदाहून पातळ काप काढायचा होता. पहिले वीसेक काप जाड आले, पुढचे फाटले. मग अंगठा कापला.

“हात धू आधी!” मॅडम पलीकडून ओरडल्या. “कण्हेरीचा चीक विषारी असतो. एवढंही वाचलं नाहीस?”

“वाचलंय!” सोनिका तेवढ्याच जोरात ओरडली. वाचलं नव्हतं. तिनं हात धुतला, पट्टी लावली आणि पुन्हा बसली.

दुपारी एक काप नीट आला. तिनं काचपट्टी भिंगाखाली सरकवली, चक्र फिरवलं, आणि धूसर हिरवं अचानक स्पष्ट झालं. पानाच्या खालच्या अंगाला ओळीनं गुहा होत्या. प्रत्येक गुहेत दाट केस, आणि केसांच्या आड, आत, रंध्रं. ग्वाल्हेरच्या उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून रस्त्यावरच्या झुडपानं एवढी तजवीज करून ठेवली होती! जेवायची सुट्टी संपल्याचंही तिला कळलं नाही. तिनं एकामागून एक काप काढले, थाटीपुरचे आणि इंदरगंजचे. मग ती थबकली.

“मॅडम, हे... देखो तो सही. इंदरगंजच्या पानात केसांना काळं काहीतरी चिकटलंय.”

मॅडमनी पाहिलं. “ब्लेडची घाण.”

“थाटीपुरचं पानही त्याच ब्लेडनं कापलंय. त्यात नाहीये.”

“वरची धूळ कापताना आत ओढली गेली असेल.”

“दोन्ही पानं धुऊन घेतली होती.”

मॅडम पुन्हा वाकल्या आणि बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या.

“किती पानं?”

“चार.”

“चार पानांवर कोणी बोलत नाही. चाळीस आण.”

शाबासकीचा शब्दही नाही. सोनिकाला बाईंचा संतापच आला. पण चाळीस पानं तिनं आठ दिवसांत आणली. दुभाजकावर चढल्याबद्दल वाहतूक पोलिसाची शिवी खाल्ली, रविवारी वॉचमनशी भांडून प्रयोगशाळा उघडायला लावली. तिच्या आधीच कोणी हे मोजून टाकेल, अशी भलतीच धास्ती तिला लागली होती. इंदरगंजच्या वीसपैकी सतरा पानांत काळे कण निघाले, थाटीपुरच्या वीसपैकी दोनात.

त्याच आठवड्यात चौकशी झाली. समितीसमोर वडील शेजारी बसले होते.

“मॅडमनी सगळ्यांसमोर वही फाडली, हे खरं आहे,” सोनिका म्हणाली. “त्यांनी तसं करायला नको होतं. आणि माझे आकडे खोटे होते, हेही खरं आहे.”

संभाजीरावांनी वळून तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं भर परेडमध्ये रायफल खाली टाकली. तिचे प्रकल्पाचे दहा गुण कापले गेले. मॅडमना वर्गासमोर माफी मागावी लागली. ती त्यांनी हजेरी घेतल्यासारखी एका दमात मागितली आणि शिकवायला लागल्या.

नीटचा फॉर्म त्या वर्षी सोनिकानं भरला नाही. घरात पंधरा दिवस रोज वाद झाले, नंतर वडिलांनी बोलणंच टाकलं. एम.एस्सी.च्या अर्जात मार्गदर्शकाच्या जागी तिनं शामला मॅडमचं नाव लिहिलं आणि अर्ज सहीसाठी त्यांच्यासमोर ठेवला.

“तुझं माझं पटत नाही,” मॅडम म्हणाल्या.

“नाहीच पटत.”

“मी बदलणार नाही.”

“मी तक्रार परत घेतलेली नाही,” सोनिका म्हणाली. “वही फाडलीत तर पुन्हा करीन.”

मॅडमनी तिच्याकडे रोखून पाहिलं, पेन उघडलं आणि सही केली. “सकाळी आठला ये. उशीर झाला तर दार बंद असेल.”